भरवशाचे पिस्तूल

आपल्या मध्यमवर्गीय घरांची पिस्तुलाशी ओळख दिवाळीत होते आणि बहुधा दिवाळीतच संपते. टिकल्यांची डबी आणि पत्र्याचे पिस्तूल वसुबारसेला घरात येते. पाडव्यापर्यंत त्याचा घोडा ढिला पडतो आणि भाऊबिजेच्या दिवशी मुले टिकल्या अंगणातल्या फरशीवर दगडाने ठेचताना दिसतात. पिस्तुलापेक्षा दगड भरवशाचा, हा शोध प्रत्येक पिढीतील मुले आपापला लावतात. यापुढे आपल्याला पिस्तूल दिसते ते सिनेमात, नाहीतर गुप्त पोलिसांच्या कादंबरीत. आणि तेच ठीक आहे, असे आपण सगळे मानतो.

तेव्हा, "मोटारीत ठेवायला परवडेल असे आणि भरवशाचे पिस्तूल कोणते घ्यावे?" हा प्रश्न एखाद्या निवृत्त फौजदाराला कोणी विचारला तर नवल नाही, पण पुण्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला तो विचारला जावा, ही मोठी मौज म्हणायची. प्रश्न विचारणारा माझा धाकटा भाऊ. हा लहानपणी टिकल्या वाजायच्या आधीच कान झाकून घेत असे. गेली बारा वर्षे तो टेक्सासात ह्यूस्टन शहरी राहतो. गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी त्याच्याकडे गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्याने हा विषय काढला, आणि भावजय न बोलता आत निघून गेली. त्यावरून मी ताडले की विषय नवा नाही, त्यावर या घरात बरेच दिवस धुमसते आहे.

आधी त्याची बाजू सांगते, कारण ती ऐकल्याशिवाय त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तो तेलविहिरींवरील यंत्रे तपासणारा इंजिनियर आहे. महिन्यातून दोनदा त्याला मिडलंडला जावे लागते. मिडलंड ह्यूस्टनपासून सुमारे आठशे किलोमीटर. विमान आहे, पण याच्याबरोबर मोजमापाच्या उपकरणांच्या पेट्या असतात, म्हणून हा आपल्याच मोटारीने जातो. सोमवारी जायचे, शुक्रवारी रात्री परतायचे. टेक्सास हे एकटे राज्य आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे आहे, आणि त्याच्या पश्चिम भागात सॅन अँजेलो गाव सोडले की मैलोन् मैल दिवा दिसत नाही. फोनही मधेच मुका होतो. आपल्याकडे कितीही आडरान असले तरी एखादी चहाची टपरी, एखादा ट्रकवाला, निदान एखादे कुत्रे तरी भेटते. तिथे फक्त रस्ता भेटतो.

अशा रस्त्यावर, दीड वर्षापूर्वी, रात्री एकच्या सुमाराला डोळा लागतोसे वाटले म्हणून याने विसाव्याच्या जागी गाडी थांबवली. उकाड्याचे दिवस, म्हणून इंजिन आणि गार हवा चालूच ठेवली होती. पाठ टेकून पाच मिनिटे झाली असतील, तोच काचेवर टकटक झाली. बाहेर दोघे होते. एकाने हाताने खूण केली, काच खाली कर. दुसरा गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि त्याने दाराची मूठ ओढली. दार आतून बंद होते. याने गिअर टाकला आणि तो निघाला. बस्स, एवढेच. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. पण त्या मुठीचा खट् असा आवाज, हा म्हणतो, आजही झोपेत ऐकू येतो. घरी त्याने दोन महिने हे सांगितलेच नाही. बायकोला शंका आली ती त्याच्या नव्या सवयीवरून. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीत बसल्या बसल्यासुद्धा तो आधी चारही दारे बंद करी.

"अरे, पण तुला वाचवलं ते गिअरनं," मी म्हणाले.

"त्या दिवशी समोर रस्ता मोकळा होता, ताई. समोर त्यांची गाडी आडवी असती तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुण्यात बसून देण्याजोगी उत्तरे तिथे चालत नाहीत.

कायद्याचीही गंमत पाहा. आपल्याकडे इंग्रजांनी १८७८ साली कायदा करून हिंदी माणसाच्या हातची हत्यारे काढून घेतली. स्वराज्यात १९५९ साली नवा कायदा आला, तरी परवान्याची वाट लांबच राहिली: अर्ज, पोलिसांची चौकशी, हत्याराची गरज का हे पटवून देणे, आणि मग कलेक्टर किंवा पोलीस कमिशनर देतील तर परवाना. अमेरिकेत सर्रास खपणारे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल आपल्या सामान्य नागरिकाला परवाना असूनही मिळत नाही. त्याच्या वाट्याला बत्तीस बोअरचे येते. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले, त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. एवढ्या किमतीचे निर्भयपण घेण्यापेक्षा आपण बायका मंगळसूत्र पदराखाली झाकून चालणे पसंत करतो.

टेक्सासात याच्या अगदी उलटे. तिथे २००७ पासूनच आपल्या मोटारीत, दिसणार नाही असे, पिस्तूल विनापरवाना ठेवता येते. २०२१ च्या सप्टेंबरपासून तर एकवीस वर्षांवरील बहुतेक कोणालाही ते परवान्यावाचून कमरेला लावून हिंडता येते. भावाला इतकी वर्षे अडचण होती ती त्याच्या व्हिसाची. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला तिथला केंद्राचा कायदा, शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद सोडले तर, हत्यार बाळगू देत नाही. ग्रीन कार्ड हाती आले आणि ती अडचण संपली. म्हणजे कायदा आता "घे" म्हणत होता, बायको "घेऊ नको" म्हणत होती आणि हा दोघांच्या मधे अडकला होता. त्याला तिसरे मत हवे होते. थोरल्या बहिणी या कामासाठीच असतात.

"ताई, तू नुसती दुकानात चल," तो म्हणाला. "घ्यायचं नाही. बघायचं."

साडीच्या दुकानात शिरताना आपण नवऱ्याला हेच सांगतो, हे मला ठाऊक होते, तरी गेले.

दुकान पाहून मला आमच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफी पेढ्यांची आठवण झाली. तशीच काचेची कपाटे, तसेच आतून सोडलेले दिवे, तशाच हिरव्या मखमलीवर मांडलेल्या वस्तू आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली किमतीची चिठ्ठी. गिऱ्हाइकेही तशीच. एक नवरा-बायको, एक आजोबा, एक पोरगेलेशी नर्स. काउंटरमागे पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा होता, पोलिसातून निवृत्त झालेला. पर्यटक म्हणून आलेल्या मला कायद्याने तिथे काहीच हाताळता येण्यासारखे नव्हते, म्हणून मी देवळात उभे राहावे तशी हात बांधून उभी राहिले. भावाने आपली गरज सांगितली: मोटारीत ठेवायचे आहे, फार महाग नको, पण भरवशाचे हवे.

भरवशाचे! हा शब्द मराठीत उच्चारला की मागोमाग ती म्हैस आणि तिचा टोणगा आल्याशिवाय राहत नाहीत. पण म्हाताऱ्याने तो शब्द मोठ्या गंभीरपणे घेतला आणि एकामागून एक चार नग मखमलीवर मांडले.

पहिले रिव्हॉल्व्हर. आखूड नळीचे, पाच गोळ्यांचे, नवे घेतले तर साडेचारशे-पाचशे डॉलर. याचा गुण असा की यात बिघडण्यासारखे थोडे. गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र पुढे सरकते, दुसरी गोळी समोर येते. महिनोन् महिने भरून ठेवले तरी त्याची तक्रार नाही. दोष असा की चाप जड, नेम धरणे अवघड आणि पाचाच्या पुढे सहावी गोळी नाही.

दुसरे ब्राझीलच्या टॉरस कंपनीचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल. लहान, काळे, तीनशे डॉलरांच्या आतबाहेर. म्हाताऱ्याने याची निंदा केली नाही. "चांगला नग निघाला तर उत्तम," तो म्हणाला, "पण तो चांगला निघाला की नाही हे तुम्हालाच दोनशे गोळ्या झाडून पाहावे लागेल." आपल्याकडे कलिंगडवाला जसे सुरीने कापून पाहू देतो, तसेच हे.

तिसरे ऑस्ट्रियाचे ग्लॉक. याची कथा त्याने मोठ्या आवडीने सांगितली. गॅस्टन ग्लॉक नावाच्या गृहस्थाने आधी कधी पिस्तूल बनवले नव्हते. तो सैन्याला चाकू आणि तसलेच सामान पुरवी. पण १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने जुन्याजाणत्या कारखान्यांना बाजूला सारून याचेच पिस्तूल घेतले. त्याचा सांगाडा प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थाचा, सुटे भाग थोडे, आणि अंगठ्याने सरकवायची सुरक्षेची कळ नाही. ती चापातच बसवलेली. एकोणीस नंबरचे ग्लॉक, पंधरा गोळ्यांचे, नवे साडेपाचशेच्या आसपास.

चौथेही ग्लॉकच, पण कडा घासून पांढुरक्या झालेले. पोलीस खाती दर काही वर्षांनी आपली पिस्तुले बदलतात आणि जुनी व्यापाऱ्याला परत देतात. वर्षानुवर्षे कमरेला लटकून बाहेरून झिजलेली, पण आतून फारशी न वापरलेली. किंमत साडेतीनशे. भावाचे डोळे लकाकले. जुन्या बाजारात सुस्थितीतला शब्दकोश मिळाला की माझे लकाकतात तसे.

इथवर सारे व्यवहार साडीखरेदीसारखे चालले होते. पण म्हाताऱ्याने हात काउंटरवर टेकले आणि विचारले, "गाडीत बसल्यावर हे ठेवणार कुठे?"

"समोरच्या कप्प्यात."

"बसा त्या खुर्चीवर. पट्टा बांधलाय असं समजा. आता कप्पा उघडा."

भाऊ वाकला. पट्टा खरा असता तर त्याने त्याला मधेच धरला असता, हे माझ्यासारखीलाही दिसले. कप्पा उजवीकडे, हाताच्या पलीकडे. खिडकीतला माणूस डावीकडे. कप्प्यात कागद, चष्मा, मोजे, आणि त्यात मोकळे फिरणारे, चाप उघडा असलेले पिस्तूल. घाईत हात घातला तर चष्म्याची काडीसुद्धा चापात अडकेल. कमरेला लावावे तर पट्ट्याचे बक्कल नेमके तिथेच. आसनाखाली टाकावे तर ब्रेक मारला की ते सरकून पायापाशी, आणि देव न करो, ब्रेकच्याच खाली. म्हणजे पिस्तुलाला चाप झाकणारे घट्ट म्यान हवे आणि त्या म्यानाला गाडीत पक्की जागा हवी. शिवाय बंद मोटारीत पिस्तूल झाडले तर त्या आवाजाने कान कायमचे अधू होऊ शकतात, आणि तिरप्या काचेतून गेलेली गोळी आपली वाट बदलते.

"तेव्हा मोटारीत," म्हातारा म्हणाला, "तुमचं पहिलं हत्यार म्हणजे तुमचा उजवा पाय. सिग्नलला उभे राहाल तेव्हा पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवा, म्हणजे बाजूनं निघता येतं. पिस्तूल, जेव्हा गाडी हलूच शकत नाही तेव्हा."

दुकानदाराने आपला माल इतक्या वेळा न घेण्याबद्दल सांगावे, हे मी प्रथमच पाहत होते. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला. "आणि तुम्ही गाडीत नसाल तेव्हा ते कुठे असेल?"

भाऊ गप्प झाला. हा प्रश्न त्याला का लागला ते मला परतीच्या वाटेवर कळले.

मिडलंडला पोचल्यावर तो आपली गाडी हॉटेलच्या आवारात लावतो आणि विहिरींवर कंपनीच्या गाडीने जातो. कंपनीच्या गाडीत आणि कामाच्या जागी हत्यार न्यायला कंपनीची मनाई आहे. म्हणजे पिस्तूल त्याच्या हाताशी राहणार जाताना आठ तास आणि येताना आठ तास. मधले चार दिवस त्याची गाडी उन्हात एकटी उभी. टेक्सासच्या उन्हात बंद गाडी आतून पन्नास अंशांच्या वर तापते, ते पिस्तुलाला एकवेळ सोसते. पण चोराला काय? त्याच आवारात त्याच्या एका सहकाऱ्याची गाडी फोडली गेली होती. काच फुटली, कप्पा उघडला, आणि त्यातले पिस्तूल गेले. बाकी चष्मा, सुटे पैसे, सगळे जागच्या जागी. अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुका-पिस्तुलांत आज सर्वांत मोठा वाटा मोटारींतून चोरल्या जाणाऱ्यांचा आहे, असे एफबीआयकडच्या आकड्यांवरून दिसते. चोरालाही ठाऊक असते, कप्पा कशासाठी उघडायचा ते.

"त्यानं पोलिसांत नंबर दिला," भाऊ सांगत होता. "पोलिसांनी लिहून घेतला. पण ताई, तो अजून रोज सकाळी पेपरमध्ये बघतो, कुठं गोळीबार झाला का. ते पिस्तूल त्याचं होतं का, हे त्याला कधीच कळणार नाही. तरी बघतो."

मग बराच वेळ आम्ही दोघे बोललो नाही. स्वतःला भय वाटू नये म्हणून घेतलेली वस्तू आता कोणाच्या तरी भयाचे कारण होऊन कुठेतरी फिरते आहे, आणि ज्याने ती घेतली त्याच्या डोक्यातून ती जात नाही. सहकारी काही वाईट माणूस नव्हता. त्याने स्वस्त पाहिले, भरवशाचे पाहिले; गाडीचे दार लावले की पिस्तूल कोणाच्या भरवशावर राहते, एवढे मात्र पाहिले नाही.

घरी आल्यावर भावाने सगळे बायकोला सांगितले. अगदी सहकाऱ्याची गोष्टसुद्धा. मला वाटले, आता ती म्हणणार, "झालं ना? मग सोडा तो नाद." पण ती म्हणाली, "ताई, मला तो पाकिटावरचा कोरा कागद द्या."

आणि तिने हिशेब मांडला. ही मुलगी मूळची सांगलीची, बँकेत नोकरी केलेली. पिस्तूल साडेतीनशे. चाप झाकणारे म्यान चाळीस. गाडीच्या आसनाच्या लोखंडी दांड्याला पोलादी दोराने बांधता येणारी कुलपाची पेटी साठ. सरावाच्या पन्नास गोळ्यांची पेटी पंधरा डॉलर, अशा चार, म्हणजे साठ. खऱ्या कामाच्या गोळ्यांची एक पेटी पंचवीस. शिकवणीचा वर्ग शंभर. परवान्याची सरकारी फी चाळीस. बेरीज आली पावणेसातशे.

"परवाना लागत नाही ना इथे?" मी विचारले.

"लागत नाही, पण हा रोज आपल्या मुलीला शाळेत सोडतो, त्याच गाडीतून," ती म्हणाली.

हे मला नवे होते. १९९० च्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे शाळेपासून हजार फुटांच्या आत भरलेले पिस्तूल नेणे गुन्हा आहे. राज्याने रीतसर परवाना दिलेला असेल तर सूट. टेक्सासने परवान्याची सक्ती काढली, पण शाळेच्या दाराशी तो कामाला येतोच. शिवाय मुलाच्या हाती लागेल असे भरलेले हत्यार ठेवणे हाही टेक्सासात गुन्हा आहे. माझी भाची नऊ वर्षांची. तिला गाडीच्या प्रत्येक कप्प्यात हात घालायची सवय, कारण तिचा बाप तिथे च्युइंगम ठेवतो.

"साडेतीनशेचं आपल्याला परवडतं की नाही हा प्रश्नच नाही," भावजय म्हणाली. "पावणेसातशेचं परवडत असेल तर घ्या. आणि वर्गाला दोघं जाऊ. घरात जी वस्तू आहे ती मला रिकामी करता आली पाहिजे."

मी दोघांकडे पाहत राहिले. ती कालपर्यंत नको म्हणत होती ती भित्री होती म्हणून, असे भावाला वाटत होते. आणि तो घेऊ म्हणत होता तो आडदांड झाला म्हणून, असे तिला. प्रत्यक्षात भ्यालेला तो होता. त्याचे भय तिने त्या दिवशी पहिल्यांदा पैशापाण्याच्या हिशेबात घेतले, जसे आपण घरातल्या कोणाचे दुखणे घेतो.

माझे मत दोघांनीही विचारले. मी म्हणाले, मला मराठी येते, पिस्तूल येत नाही. पण एवढे सांगू शकते की काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि चावी हाही त्यांच्याकडूनच. दोन्ही एकदम घेणार असाल तर घ्या. एकच घेणार असाल तर चावी घ्या. भावजय हसली. भाऊ म्हणाला, "ताई, वर्ग सुटला का?"

मी जूनमध्ये परतले. पुढले फोनवरून कळत गेले. जुलैत त्याने तेच पांढुरक्या कडांचे पिस्तूल घेतले. दुकानात एक लांबलचक फॉर्म भरावा लागला, त्यात याने ग्रीन कार्डाचा नंबर लिहिला. मग संगणकावरून याच्या पूर्वायुष्याची तपासणी झाली. ही तपासणी १९९३ च्या ज्या कायद्याने आली त्याला जेम्स ब्रेडी यांचे नाव आहे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ साली गोळीबार झाला तेव्हा त्यांचे हे वृत्तसचिव डोक्यात गोळी लागून जन्माचे अधू झाले होते. संगणकाची व्यवस्था १९९८ पासूनची. "पासपोर्टला तीन महिने लागले होते," भाऊ म्हणाला, "याला वीस मिनिटं." तो आनंदाने बोलत होता की भीतीने, ते मला फोनवरून कळले नाही.

परवान्याच्या परीक्षेत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या झाडायच्या असतात. गुण अडीचशे, उत्तीर्ण व्हायला एकशे पंचाहत्तर. दोघेही उत्तीर्ण झाली. भावजयीला नवऱ्यापेक्षा अठरा गुण जास्त पडले, आणि ही बातमी तिने मला स्वतः फोन करून दिली. "हे गोळी सुटायच्या आधी डोळे मिटतात, ताई," ती म्हणाली. मला ते पटले. हा कान झाकायचा, आता हात गुंतलेले, मग डोळेच उरले.

घरात आता एक नियम आहे. गाडी गॅरेजमध्ये आली की बूट काढण्याआधी पिस्तूल घरातल्या तिजोरीत जाते. मिडलंडला पेटीसकट ते खोलीत नेले जाते. च्युइंगमची जागा बदलून स्वयंपाकघरात झाली. भाचीला सगळे सांगितले आहे, लपवलेले नाही. तिजोरीचा आकडा मात्र सांगितलेला नाही. ती मला फोनवर म्हणाली, "आत्या, बाबांच्या पिस्तुलाला माझ्यापेक्षा लवकर झोपवतात."

गेल्या आठवड्यात फराळाचा डबा निघाल्याचे सांगायला मी फोन केला, तेव्हा भाऊ सॅन अँजेलोत एका हॉटेलच्या खोलीत होता. मला आश्चर्य वाटले. शुक्रवारची रात्र, म्हणजे हा रस्त्यावर असायला हवा.

"आता मी रात्रीचा पुढं जात नाही," तो म्हणाला. "इथं झोपतो, सकाळी निघतो, दुपारी घरी."

"अरे, मग ते पिस्तूल कशाला घेतलंस?"

तो थोडा वेळ थांबला. "खरं सांगू का ताई, ते बरोबर असलं की ते सांभाळावं लागतं. काळोखात कुठं थांबवत नाही. झोप आली की वाटतं, काच फोडून कोणी नेलं तर? म्हणून उजेड असतानाच खोली घेतो."

फोनवर तिसरेही कोणी होते. ह्यूस्टनहून भावजयीचा आवाज आला: "पावणेसातशे डॉलरांत सात रात्रींची हॉटेलची खोली झाली असती."

"झाली असती," भाऊ म्हणाला. "पण तेव्हा मला ती सुचली नसती."